उत्तर न भरलेला प्रश्न

सोमवारी सकाळी कार्यालयात क्षमाताईंनी चहाचा कप ओठाला लावला नव्हता, तोच संस्थेच्या सचिवांचा फोन आला.

"क्षमाताई, पोर्टल उघडा. नववीचं गणित. आत्ताच्या आत्ता."

वीरधवलराव एरवी नमस्कार-चमत्काराशिवाय बोलत नसत. क्षमाताईंनी कप खाली ठेवला.

संस्थेचं मुख्य कार्यालय सांगलीत आणि शाळा सांगली-सातारा अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या. सगळ्या पोरांचा गृहपाठ एकाच पोर्टलवर. शिक्षकांनी प्रश्न तयार करायचे, क्षमाताईंनी तपासायचे, मग ते पोरांच्या मोबाइलवर जायचे. वर्षानुवर्षं फळ्यापुढं उभं राहून ताईंचे गुडघे गेले, तेव्हा संस्थेनं त्यांना या खुर्चीत बसवलं. खुर्ची मऊ होती, जीभ मात्र पूर्वीसारखीच तिखट राहिली.

पडद्यावर प्रश्न होता.

'एक शिक्षिका स्कूटरवरून घरी चालली होती. वळणावर मागून गाडी आली. गाडीनं ब्रेक मारला, टायरचा काळा पट्टा उठला. पट्ट्याची लांबी एकोणतीस पावलं आणि एक वीत. पट्टा संपतो तिथून अकरा पावलं मागं स्कूटर पडली. (अ) ब्रेक आधी लागला की धडक आधी बसली? (आ) गाडीवाला त्या शिक्षिकेजवळ किती वेळ थांबला?'

खाली प्रश्न तयार करणाऱ्याचं नाव होतं. भार्गवी.

भार्गवीला जाऊन वर्ष होत आलं होतं. औंधच्या शाळेत याच पोर्टलचं प्रशिक्षण होतं त्या दिवशी. ते आटोपून संध्याकाळी घरी जाताना पुसेसावळीच्या रस्त्यावर तिची स्कूटर घसरली, असं पोलिसांनी लिहिलं. आपली आपण पडली, दुसरं कुणी नव्हतं.

"पालकांचे फोन येतायत," वीरधवलराव म्हणाले. "मेलेल्या बाईच्या नावानं प्रश्न! हे काम औंधच्या शाळेतल्या रेश्माचं. तिचीच मैत्रीण, तिलाच पासवर्ड ठाऊक. चौकशी करा म्हणून तेव्हाही तिनं डोकं खाल्लं होतं. शनिवारी तिचा करार संपवायचं पत्र काढतोय."

"मी विचारते तिला. तोवर पत्र काढू नका."

"शनिवारपर्यंत. त्यापुढं नाही."

फोन ठेवून त्यांनी अवधूतला हाक मारली. पोर्टल चालवणारा, दोन्ही जिल्ह्यांत फिरून शिक्षकांना ते शिकवणारा हा पोरगा हुशार आणि अबोल होता. अलीकडं जरा जास्तच अबोल.

"हा प्रश्न माझ्या तपासणीशिवाय सुटला कसा रे?"

"भार्गवीला थेट सोडायचा अधिकार होता, ताई. तुम्हीच दिला होता."

ते खरं होतं. भार्गवीच्या प्रश्नात चूक सापडली तर ताई स्वतः जिलेबी आणीत. तशी वेळ फारशी आलीच नाही.

"आणि तिचं खातं अजून चालू कसं? बंद करायचं काम तुझं ना?"

"राहून गेलं." अवधूत जमिनीकडं बघत म्हणाला. "सकाळी मी पोरांच्या बाजूनं उघडून बघितला प्रश्न. आता काढूनच टाकतो."

"काढू नकोस. नुसता झाकून ठेव. आणि गाडी काढ, औंधला जायचंय."

अवधूत गेल्यावर ताईंनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. उत्तराची चौकट रिकामी होती.

नव्या शिक्षकाला ताई पहिला धडा देत तो हाच. आधी उत्तर, मग प्रश्न. उत्तर भरलेलं असलं की यंत्र आपोआप तपासतं. चौकट रिकामी राहिली तर पोरांची उत्तरं हाती तपासणीच्या गठ्ठ्यात जाऊन पडतात आणि कुणीतरी माणसानं ती एकेक वाचावी लागतात. ज्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक नाही, तो प्रश्न पोरांना विचारायचा नाही. हे रेश्माही त्यांच्याकडूनच शिकली होती.

*

स्वतःची गाडी विकल्यापासून अवधूत संस्थेचीच गाडी चालवी. विट्यावरून सरळ जायचं सोडून त्यानं कराडचा हायवे धरला.

"अरे, इकडून कुठं? पुसेसावळीवरून जवळ पडतं की."

"तो रस्ता फार खराब आहे, ताई. तुमच्या गुडघ्यांना सोसायचा नाही. रहिमतपूरवरून जाऊ."

ताईंना बरं वाटलं. पोटच्या पोरानं कधी गुडघ्यांची चौकशी केली नव्हती. कराड सोडल्यावर त्यांना तहान लागली.

"पाण्याची बाटली दे रे."

"गाडीत ठेवत नाही मी पाणी."

एवढंच म्हणून त्यानं टपरीपाशी गाडी उभी केली आणि ताईंना बाटली आणून दिली. स्वतः प्यायला नाही.

औंधला शाळेच्या मागच्या खोलीत रेश्मा वाट बघत बसली होती. काटक, सावळी पोर. रडून रडून डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"पासवर्ड तुला माहीत होता?" ताईंनी सरळ सुरुवात केली.

"होता."

"प्रश्न तू टाकलास?"

रेश्मा टेबलावरचे खडू डबीत भरू लागली.

"टाकला नसशील तर नाही म्हण."

"मीच टाकला असं लिहा, मॅडम."

"टायरचा पट्टा किती मीटर होता?"

रेश्मा गोंधळली. "मीटर... मी त्या जागेवर कधी गेलेच नाही. धीरच झाला नाही मला."

"वाटलंच. माझ्या हाताखाली शिकलेली पोर पावलं आणि वीत लिहिणार नाही, मीटर लिहील. आकडे सुटसुटीत घेईल. आणि मरायला टेकली तरी उत्तराची चौकट रिकामी सोडणार नाही. तू कुणाला तरी पाठीशी घालतेयस. नोकरी जाईल, कळतंय ना?"

"जाऊ दे."

ताई सहज विचारावं तसं म्हणाल्या, "भार्गवी प्रश्न करायची कुठं बसून?"

"घरी. दादांच्या मोबाइलवर. तिच्या मोबाइलच्या काचेला तडे गेले होते ना. आधी दादांना सोडवायला लावायची. म्हणायची, दादांना आलं की वर्गाला आलंच..."

रेश्मानं जीभ चावली, पण शब्द सुटला होता. भार्गवीचे वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पावलांनी जमीन मोजायची सवय अशाच माणसाला असणार.

"चल," ताई उठल्या. "त्यांच्याकडं जाऊ."

लालासाहेबांचं घर पुसेसावळीच्या वाटेवर, गावाबाहेर. फाट्याशी येताच अवधूतनं गाडी थांबवली.

"चाकात हवा कमी वाटतीय. मी बघतो. तुम्ही पुढं व्हा, जवळच आहे घर."

ताई गुडघे धरत रेश्माबरोबर चालू लागल्या. पायाखालचा रस्ता गुळगुळीत होता.

*

लालासाहेब ओट्यावर बसले होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, शेजारी झाकून ठेवलेलं ताट. समोर यमाईचा डोंगर आणि माथ्यावरचं देऊळ स्वच्छ दिसत होतं.

"दादा, अजून जेवला न्हाई?" रेश्मानं विचारलं.

"जेवतो की. घाई काय हाय?"

रेश्मा ताईंच्या कानाशी लागली. "भार्गवी आल्याशिवाय त्यांनी कधी ताट घेतलं नाही. अजून तसंच चाललंय. कुणी समोर बसून खायला घातलं तरच जेवतात."

ताई ओट्याच्या कडेला टेकल्या.

"दादा, मी क्षमा. भार्गवीला प्रश्न काढायला मी शिकवलं."

"ठावं हाय. लय नाव घ्यायची तुमचं. बाई लय मारक्या हायेत म्हनायची."

ताई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "पोर्टलवरचा प्रश्न तुम्ही टाकला?"

"व्हय. म्याच टाकला." त्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "रेश्माचं नाव कशाला घेतासा त्यात? तिला काय ठावं न्हाई."

"पट्टा कधी मोजलात?"

"दुसऱ्या दिशी सकाळी. मसणातनं आलो अन् सरळ वळणावर गेलो. पोलिस म्हनले, रस्त्यावर असले छप्पन्न पट्टे असत्यात. महिन्याभरानं वर डांबर पडलं अन् पट्टाबी गेला. आता हातरुनागत झालाय रस्ता."

"हा रस्ता? पुसेसावळीपर्यंत?"

"पार विट्यापतुर."

ताईंच्या कपाळावर आठी पडली.

"पोलिसांना अजून काही सांगितलं होतंत?"

"सांगितलं की. पोरीच्या तोंडावरनं कुनीतरी पानी फिरवल्यालं हुतं. वढनी छातीपतुर भिजल्याली. पाऊस न्हाई, पानी न्हाई. मग कुनी पाजलं? ते म्हनले, तुमी दुःखात हाय सुभेदार, तुमास्नी भास हुतोय. गेल्या म्हैन्यात कागद बंद केला त्यांनी."

"म्हणून गृहपाठात विचारलंत?"

लालासाहेब डोंगराकडं बघत राहिले.

"पोर म्हनायची, दादा, पोर्टलवर प्रश्न टाकला की दोन जिल्ह्यांतली पोरं सोडवत्यात. कितीबी अवघड असूंद्या, कुनाला तरी येतंच. मला त्या गाडीवाल्याला फासावर न्हाई चढवायचा, बाई. फौजेत लय मरणं बघितली म्या. मानूस मरतंय त्याचं काय न्हाई, एकटं मराया नगं. माझी पोर एकटी गेली का कुनी हुतं जवळ, येवढंच पायजे मला. न्हाईतर घास उतरत न्हाई."

रेश्मा पदरात तोंड खुपसून रडू लागली. ताईंनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि मोबाइलवर हाती तपासणीचा गठ्ठा उघडला. उत्तराची चौकट रिकामी होती, म्हणजे पोरांची उत्तरं तिथं येऊन पडलेली असणार.

पहिल्या भागाचं गणित बहुतेकांनी बरोबर केलं होतं. पट्टा स्कूटरच्याही बराच मागं सुरू झालेला, म्हणजे ब्रेक आधी लागला. गाडीवाल्यानं तिला पाहिलं होतं. दुसऱ्या भागाला बहुतेकांनी लिहिलं होतं, 'माहिती अपुरी'. कुणी लिहिलं होतं, 'थांबलाच नाही'. वाईच्या एका पोरीनं लिहिलं होतं, 'थांबला असला तर बरं.'

ताई एकेक उत्तर वाचत गेल्या आणि एका उत्तरापाशी त्यांचं बोट अडलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मोबाइल मांडीवर पालथा घातला.

"रेश्मा, फाट्यावर अवधूत आहे. त्याला बोलावून आण. म्हणावं, ताई पाणी मागतायत."

*

अवधूत अंगणात आला, पण ओट्याची पायरी चढला नाही. हातात बाटली नव्हती.

"बस," ताई म्हणाल्या.

"उभा आहे मी."

"बरं, उभा राहून ऐक. उगाच तुझं नाव घेतलं असं व्हायला नको, म्हणून सगळं क्रमानं सांगते." ताईंचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, फक्त त्यातला तिखटपणा गेला होता. "प्रश्न रेश्माचा नव्हता, कारण चौकट रिकामी होती. प्रश्न दादांचा होता, कारण त्यांना उत्तर खरंच हवं होतं. इथवर माझं बरोबर आलं. गाडीवाला कोण, ते मला सुचणार नव्हतं. ते पोरांच्या उत्तरांत सापडलं."

अवधूतनं मान वर केली.

"प्रश्न पोरांना कसा दिसतो ते बघायला आपण एक खोटं पोर करून ठेवलंय. नमुना विद्यार्थी. त्याचं खातं फक्त दोघांकडं. एक मी, दुसरा तू. आज सकाळी मी ते उघडलं नाही. तू उघडलंस, हे तूच मला सांगितलंस. त्या नमुना विद्यार्थ्यानं दुसऱ्या भागाला उत्तर लिहिलंय. वाचू?"

ताईंनी वाचलं.

"'पाणी पाजलं. देवळात दिवे लागले तोवर थांबला.'"

लालासाहेब हळूहळू उभे राहिले.

"प्रश्नात पाणी नाही, अवधूत. देऊळही नाही. पाण्याचं दादांना आणि पोलिसांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि दिवे लागल्याचं तर दादांनाही नाही. ते वळणावर उभ्या असलेल्यालाच दिसणार. मग मला बाकीचं आठवत गेलं. त्या दिवशीचं प्रशिक्षण तूच घेतलंस, सांगलीला परत जायचा रस्ता हाच. त्यानंतर तू गाडी विकलीस. भार्गवीचं खातं बंद करायला तुझा हात धजला नाही. आज अंथरुणासारखा गुळगुळीत रस्ता सोडून मला रहिमतपूरवरून आणलंस. फाट्यापुढं यायला तुला चाकाची हवा आडवी आली. आणि गाडीत तू पाणी ठेवत नाहीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी आज तुझ्याच गाडीत बसून घातला."

अवधूत पायरीवर मटकन बसला.

"नमुना विद्यार्थ्याची उत्तरं पुसली जातात," तो पुटपुटला.

"यंत्रानं तपासलेली पुसली जातात. हाती तपासणीची नाही. हे तूच आम्हाला शिकवलंस. विसरलास, का विसरायचं होतं?"

"प्रश्न वाचला आणि राहवेना, ताई. वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं." त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "वळणावर उन्हं डोळ्यांवर आली. ती दिसली तेव्हा फार जवळ होती. ब्रेक मारला, पण..."

"दवाखान्यात का नाही नेलंस?"

"उचलायला गेलो तर ती ओरडली. मी घाबरलो."

"फोन?"

"हातात होता." त्याचा आवाज फुटला. "हातातच होता, ताई. लावतो लावतो म्हणत बसलो. पोलीस, नोकरी, आई... सगळं डोळ्यांपुढं येत होतं. तिला पाणी पाजलं, डोकं मांडीवर घेतलं. आणि मग फोन लावायचं कारणच उरलं नाही. दिवे लागले होते देवळात."

"म्हणजे वाचली असती," रेश्मा ओरडली. "वाचली असती ती!"

अवधूतनं नाही म्हटलं नाही. क्षमाताईंना वाटलं, उठून याच्या मुस्कटात द्यावी. आणि वाटलं, या पोराला आपण आपल्या पंक्तीला जेवू घातलंय. दोन्ही एकाच वेळी वाटलं, आणि त्यांना काहीच करता आलं नाही.

लालासाहेब पायरी उतरून त्याच्यासमोर उभे राहिले. रेश्मा पुढं झाली, पण ताईंनी तिचा हात धरला.

"बोलली का काय?" त्यांनी विचारलं.

अवधूतनं वर बघितलं.

"पोर बोलली का काय माझी?"

"पाणी मागितलं. आणि म्हणाली..." त्याला शब्द सापडेनात. "म्हणाली, दादांना निरोप द्या. म्हणावं, माझी वाट बघू नका, जेवून घ्या."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"ह्यो निरोप द्यायला वरीस लावलंस व्हय रं?" लालासाहेब म्हणाले. शिवी द्यावी तसं नाही. थकलेल्या माणसानं विचारावं तसं.

अवधूत त्यांच्या पायांवर पडायला वाकला. ते दोन पावलं मागं सरले. "नगं. माफी माझ्याकडं न्हाई. ज्याच्याकडं जायचं तिकडं जा."

"तेव्हा लावला नाहीस तो फोन आता लाव," क्षमाताई म्हणाल्या. "मी लावणार नाही. तूच लाव."

त्यानं खिशातून मोबाइल काढून नंबर लावला. स्वतःचं नाव सांगितलं, मग भार्गवीचं सांगितलं.

ताईंनी वीरधवलरावांना दोन वाक्यांत सारं कळवलं आणि रेश्माचं पत्र काढायचं नाही असं बजावलं. पलीकडून त्यांनी बरंच काही विचारलं. ताईंनी फोन बंद केला. मग त्यांनी पोर्टल उघडलं. भार्गवीच्या नावाखाली तो प्रश्न झाकलेला होता आणि उत्तराची चौकट रिकामीच होती. भरायला आता उत्तर होतं. त्यांनी ते भरलं नाही. ज्याला ते मिळायला हवं होतं, त्याला मिळालं होतं.

पोलिसांची गाडी येईपर्यंत अवधूत पायरीवर बसून होता. लालासाहेबांनी त्याच्याकडं पाठ केली, ओट्यावर चढले आणि मांडी घातली.

"रेश्मा," ते म्हणाले, "पानी दे, बाळ."

तिनं तांब्या भरून दिला. त्यांनी हात धुतले, ताटावरचं झाकण काढलं. भाकरी वाळली होती. रेश्मा म्हणाली, थांबा, गरम करून आणते, तर त्यांनी मान हलवली.

"नगं. पोरीनं वाट बघू नका म्हनून सांगितलंय."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला. पण त्यांनी तो गिळला आणि दुसरा मोडला.